नावाची सुपारी

"सुपारीत कॅन्सरवरचं औषध आहे, अमेरिकेत सिद्ध झालंय!" हे वाक्य आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर मी आतापर्यंत निदान चार वेळा वाचलंय. पाठवणारे बहुतेक तेच, ज्यांच्या खिशात कायम माव्याची पुडी असते. खाली अंगठे, हसरे चेहरे, आणि एखाद्या ज्युनियरचा प्रश्न, "मग डॉक्टर उगाच घाबरवतात काय?"

गंमत अशी की या फॉरवर्डच्या मागे खरंच एक संशोधन आहे, चांगल्या जर्नलमधलं आहे आणि ते खोटं नाही. खोटा आहे तो त्यातून काढलेला अर्थ. तो खोटा का, हे कळायला जी केमिस्ट्री लागते ती आपण सगळ्यांनी बारावीला घोकली, फर्स्ट इयरला पुन्हा एकदा पास केली आणि सोयीस्करपणे विसरलो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी ते संशोधन. २०१६ साली 'मॉलिक्युलर सेल' या जर्नलमध्ये अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या गटाचा एक पेपर आला. आपल्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये एसीएटी-१ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचे चार तुकडे एकमेकांना जुळले की ते जोमाने काम करतं. सुटा तुकडा फारसा कामाचा नाही. या गटाला दिसलं की कॅन्सरच्या अनेक पेशींमध्ये ही चौकडी जास्त आणि जास्त घट्ट असते. ती काय करते, तर साखर पूर्ण जाळून ऊर्जा काढणाऱ्या यंत्रणेला ब्रेक लावते. मग पेशी साखर अर्धवट वापरते आणि भराभर वाढत सुटते. (ऑक्सिजन असूनही कॅन्सरची पेशी साखर आंबवते, हे ऑटो वॉरबर्गने १९२० च्या दशकातच सांगितलं होतं.) आता ही चौकडी फोडायची कशी? त्यांना एक रेणू सापडला, तो या चौकडीला जाऊन चिकटतो, तिचे तुकडे सुटे करतो, आणि ज्या तुकड्याला तो चिकटलाय तो तुकडा पुन्हा चौकडीत जाऊ शकत नाही. प्रयोगशाळेतल्या कॅन्सर पेशींची वाढ मंदावली, उंदरांमधल्या गाठींचीही मंदावली. त्या रेणूचं नाव अरेकोलिन हायड्रोब्रोमाइड. आणि अरेकोलिन म्हणजे सुपारीतला मुख्य अल्कलॉइड.

बस्स, एवढंच. पेशी होत्या, उंदीर होते, मोजून दिलेला शुद्ध रेणू होता. सुपारी चघळणारा माणूस त्या पेपरमध्ये कुठेही नव्हता! हाच अरेकोलिन हायड्रोब्रोमाइड पूर्वी कुत्र्यांच्या पोटातल्या टेपवर्मवर देत असत, पण म्हणून कुणी कुत्र्याला पानपट्टीवर नेल्याचं ऐकिवात नाही.

पेपरमधला महत्त्वाचा शब्द 'कॅन्सर' नाही, 'कोव्हॅलंट' आहे. मराठी मीडियमच्या रूममेटकडून मला कळलं की याला 'सहसंयुज बंध' म्हणतात. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला हा शब्द कधी भेटलाच नाही, आणि खरं सांगायचं तर तो इंग्रजीपेक्षा जास्त अर्थ सांगतो: सह, म्हणजे दोघांनी मिळून. दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची जोडी वाटून घेतली. ही जोडी सहजासहजी सुटत नाही.

आपण रोज खातो त्यातली बरीचशी औषधं अशी जोडली जात नाहीत. ती प्रथिनाच्या खाचेत बसतात, थोडा वेळ थांबतात, उठून जातात. रक्तातलं औषध कमी झालं की असर संपला. यासाठी मला दिवेआगरचा एक शब्द फार आवडतो. माझ्या मावशीचं सासर तिथलं, त्यामुळे तिथल्या पोफळीच्या वाडीत मी लहानपणापासून जाते. पर्यटकांना दिवेआगर म्हणजे किनारा, उकडीचे मोदक आणि १९९७ साली वाडीत सापडलेला (आणि २०१२ साली चोरीला गेलेला) सोन्याचा गणपती. घरच्यांना दिवेआगर म्हणजे सुपारी. एकदा ओल्या सुपारीचा तुकडा तोंडात टाकल्यावर माझी कानशिलं तापली, घाम फुटला, गरगरायला लागलं. मावशीचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, शांतपणे म्हणाले, "लागली वाटतं सुपारी तुला. बस जरा, पाणी पी. उतरेल आत्ता."

आणि उतरली.

'लागते' आणि 'उतरते' यात सगळं फार्माकॉलॉजी आलं. अरेकोलिनचा रेणू आपल्या मज्जासंस्थेतल्या अॅसिटिलकोलिनची नक्कल करतो, त्याच्या जागेवर जाऊन बसतो, म्हणून घाम, लाळ, धडधड. थोड्या वेळाने उठतो, म्हणून उतरते. इथपर्यंत सहसंयुज काही नाही. पण त्याच रेणूच्या अंगात दुसराही एक गुण आहे. त्याच्या रिंगमध्ये एक डबल बाँड आहे आणि त्याला खेटून एस्टरचा गट आहे. त्या एस्टरमुळे डबल बाँडचं एक टोक इलेक्ट्रॉनसाठी भुकेलं होतं. जवळपास एखादा गंधकाचा अणू मोकळा असेल, म्हणजे प्रथिनातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाचा, तर तो त्या टोकाला जोडला जाऊ शकतो. ऑर्गॅनिकवाल्या सरांनी 'मायकेल अॅडिशन' म्हणून शिकवलं होतं, तेच हे. ही सुपारी 'लागल्याचं' कळत नाही, आणि उतरत तर नाहीच. मराठी लग्नाच्या भाषेत सांगायचं तर इथे सुपारी फुटलेली असते.

असं कायमचं चिकटणारं औषध ही काही नवी कल्पना नव्हे. अॅस्पिरिन हे त्यातलं सर्वांत जुनं प्रसिद्ध उदाहरण. बायर कंपनीने ते १८९९ मध्ये बाजारात आणलं, पण ते एन्झाइमवर स्वतःचा अॅसिटिल गट कायमचा डकवून जातं हे कळायला १९७५ उजाडलं. रक्तातल्या प्लेटलेटला केंद्रक नसल्याने ती नवं एन्झाइम बनवू शकत नाही, त्यामुळे एकदा डकवलं की ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, असर राहतो. म्हणून हृदयरोग्याला दिवसाला एक छोटी गोळी पुरते. पेनिसिलिनही त्याच घराण्यातलं. जिवाणूची भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला ते जोडलं जातं आणि बांधकाम बंद पाडतं. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ ची, देशातला पेनिसिलिनचा पहिला सरकारी कारखाना तो. म्हणजे सहसंयुज औषधाशी आपला, पुण्याकडच्या लोकांचा, संबंध इतका जुना आहे!

तरीही औषध कंपन्या कित्येक वर्षं असे रेणू मुद्दाम बनवायला घाबरत होत्या. कारण आपल्या सगळ्यांच्या ड्रॉवरमध्ये आहे: पॅरासिटामॉल. नेहमीच्या डोसमध्ये त्याचा थोडासा भाग यकृतात एका हावऱ्या रेणूत बदलतो आणि ग्लुटाथायोन नावाचा पहारेकरी (यातही गंधकच) त्याला अंगावर घेऊन बाहेर काढतो. डोस खूप जास्त झाला की पहारेकरी संपतात. मग तो रेणू यकृताच्या प्रथिनांना मिळेल तिथे जोडला जातो आणि यकृत मरायला लागतं. हे १९७० च्या दशकात उघड झालं आणि 'जे जोडलं जातं ते विष' असा एक धाकच बसला.

म्हणजे एकाच प्रकारचा बंध. अॅस्पिरिनमध्ये तो जीव वाचवतो, पॅरासिटामॉलच्या अतिडोसात जीव घेतो. फरक बंधात नाही, पत्त्यात आहे. मुंबईच्या सिनेमातली भाषा वापरायची तर गुंड मोकाट सुटलाय की त्याला एका नावाची सुपारी दिलीय, हा प्रश्न आहे.

आता इथे खरं इंजिनिअरिंग सुरू होतं. एन्झाइमला खाच असते, औषध तिथे बसवता येतं. पण पेशीतली बरीचशी कामं दोन प्रथिनं एकमेकांना चिकटून होतात, आणि त्यांचे चिकटणारे पृष्ठभाग सपाट असतात. साधारण १५०० ते ३००० चौरस अँग्स्ट्रॉम एवढी जागा, तीही गुळगुळीत, आणि त्यात शिरकाव करायचा तो एका छोट्या गोळीतल्या रेणूने. धरायचं कशाला? पोफळीचं झाड आठवा. सरळसोट, एक फांदी नाही. त्यावर नुसते हात-पाय टाकून कोणी चढत नाही. चढणारा पायात दोरीचा वेढा अडकवतो आणि त्या आधारावर वर सरकतो. सपाट प्रथिनावर सहसंयुज बंध हा तो वेढा. रेणूची बाकी पकड कमजोर असली तरी चालते, कारण एकदा गंधकाला गाठ बसली की तो घसरून पडत नाही.

याचं आजवरचं सर्वांत गाजलेलं उदाहरण केरास हे प्रथिन. माणसाच्या कॅन्सरशी त्याच्या कुटुंबाचं नातं १९८२ मध्येच कळलं होतं. हे प्रथिन चालू झालं की राफ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला चिकटतं आणि पेशीला 'वाढ' म्हणून सांगतं. बिघडलेलं केरास बंदच होत नाही. तीस वर्षं लोकांनी डोकं आपटलं, त्याला 'औषध न लागणारं' असं बिरूदही मिळालं. मग २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने एक बारीक गोष्ट हेरली. केरासच्या एका विशिष्ट बिघाडात बाराव्या जागेवरचं ग्लायसिन जाऊन तिथे सिस्टीन येतं. म्हणजे बिघाडाने स्वतःच एक गंधकाचा हूक लावून दिलाय, आणि निरोगी केरासमध्ये तो हूक नाही! त्या हुकाला जोडला जाणारा रेणू टाकला की केरास बंद अवस्थेत कुलूपबंद होतं, आणि राफला नीट भेटत नाही. यावरूनच पुढे सोटोरासिब हे औषध तयार झालं, अमेरिकेत मे २०२१ मध्ये त्याला मान्यता मिळाली.

नावाची सुपारी म्हणतात ती ही.

चमत्कार मात्र नव्हे. ज्या चाचणीवर मान्यता मिळाली त्यात फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १२४ रुग्णांपैकी सुमारे ३७ टक्के लोकांच्या गाठी लक्षणीय आटल्या, आणि आजार पुन्हा पुढे सरकेपर्यंतचा मध्यम काळ ६.८ महिने होता. कॅन्सर वाटा शोधतो. पण जिथे हात टेकायला जागाच नव्हती तिथे जवळपास पावणेसात महिने मिळवले, हे मला कुठल्याही पुलापेक्षा कमी वाटत नाही.

आता अरेकोलिन आणि सोटोरासिब शेजारी ठेवा. दोघांकडे भुकेला डबल बाँड आहे. अरेकोलिनचा रेणूभार १५५. सोटोरासिबचा सुमारे ५६०, आणि त्यात जोडणी करणारं टोक आहे फक्त ५५ च्या आसपास. म्हणजे नऊ-दशांश रेणू निव्वळ पत्ता आहे. योग्य खाचेत बसणं, योग्य कोनात टोक गंधकाकडे आणणं, तिथे पुरेसा वेळ थांबणं यासाठी. शिवाय ते टोक मुद्दाम सौम्य ठेवलेलं असतं. वाटेत भेटेल त्या गंधकाला ते सहसा हात लावत नाही. आधी नीट बसायचं, मग जोडायचं, अशा दोन पायऱ्या. अरेकोलिनजवळ हा पत्ता नाही. ते ग्लुटाथायोनलाही जोडलं जातं, म्हणजे पहारेकरी खर्च करतं. एमोरीच्या प्रयोगात ते एसीएटी-१ ला सापडलं हे खरं, पण तुमच्या गालात चघळताना त्याला एसीएटी-१ चा पत्ता कोण देणार?

तोंडात ते आणि त्याचे साथीदार काय करतात ते मात्र चांगलं माहीत आहे. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर दोरीसारखं ताठ होतं, तोंड उघडेनासं होतं. १९५२ मध्ये केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांमध्ये याची नोंद झाली, पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी त्याचं वर्णन 'सबम्युकस फायब्रोसिस' म्हणून केलं. तिथेही सहसंयुज बंधच आहेत बरं का! सुपारीतल्या तांब्यामुळे एक एन्झाइम जोरात येतं आणि कोलॅजनचे धागे एकमेकांना कायमचे शिवून टाकतं. त्यापुढची पायरी अनेकदा कॅन्सरची. नुसती सुपारी, तंबाखू न घालता, माणसात कॅन्सर करते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २००४ मध्ये नक्की केलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे, नंतरच्या आदेशांत सुगंधित सुपारीही आली. टपरीवर काय मिळतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते. आणि हा फक्त बॉईज हॉस्टेलचा विषय नाही. आमच्याकडे 'मुखवास' या सभ्य नावाखाली गोड सुपारीचे पाऊच जातात, आणि त्याला कुणी व्यसन म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: फॉरवर्ड करणाऱ्याला 'अंधश्रद्धाळू' म्हणून गप्प बसवू नका, कारण त्याच्या हातात एक खरा कागद आहे. त्याला तो कागद पूर्ण वाचायला लावा. 'सुपारीत औषध आहे' आणि 'सुपारी कॅन्सर करते' ही दोन्ही वाक्यं एकाच डबल बाँडच्या आसपास घुटमळतात, आणि मधली वाट डिझाइनची आहे, चघळण्याची नाही.

आबांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मग वाडीचं काय?" प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरच्या पोफळी काडीसारख्या मोडल्या. नवं रोप लावलं तर फळ धरायला पाच-सात वर्षं जातात. ज्यांनी तेव्हा पुन्हा लावलं त्यांना आता कुठे काही दिसायला लागलंय, आणि त्यांना आपण शहरात बसून 'सुपारी वाईट' म्हणून सांगायचं? आणि खोटी आशाही दाखवायची नाही. अरेकोलिनवरून उद्या औषध निघालंच तरी दिवेआगरमधून एक पोतं जास्त जाणार नाही. तो रेणू निकोटिनिक अॅसिडपासून प्रयोगशाळेत बनतो, आणि औषध होईपर्यंत त्याचा पत्त्याचा भाग इतका वाढलेला असेल की आबांना तो नातेवाईक म्हणून ओळखूही येणार नाही.

पण दिवेआगरला सुपारी संशोधन केंद्र उभारायला राज्य मंत्रिमंडळाने २०२२ मध्ये मान्यता दिली आहे. श्रीवर्धनला कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आधीपासून आहेच. अशा ठिकाणी रोपं, खतं, रोग यांवर काम होतं, ते हवंच. मला तिथे एक टेबल केमिस्टचंही हवंय. कुठल्या जातीत अरेकोलिन किती, तांबं किती, सुपारी उकडल्यावर, वाळवल्यावर किती उरतं, हे वाडीवाल्याला त्याच्याच भाषेत कळायला हवं. पोफळीच्या विरीच्या ताटल्या, फळातलं टॅनिन, यातून चघळण्याशिवाय किती पैसा उभा राहू शकतो याचा हिशेब हवा. आणि खारघरला, याच रायगड जिल्ह्यात, टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र आहे. सुपारी पिकवणारा तालुका आणि कॅन्सरच्या पेशी वाढवून बघणारी प्रयोगशाळा एकाच जिल्ह्यात असताना त्यांची ओळख करून द्यायला कुणी तिसरा कशाला लागावा?

राहिलो आपण. "हे फार्मसीवाल्यांचं काम" असं म्हणणाऱ्यांनी २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल आठवावं. प्रथिनांचे आकार कॉम्प्युटरवर ओळखणाऱ्या आणि घडवणाऱ्या तिघांना ते मिळालं. खाचेत रेणू बसतो का, टोक गंधकापासून किती अंतरावर येतं, किती वेळ थांबतं, हे भूमिती आणि गतीचे प्रश्न आहेत. आपल्या डिपार्टमेंटमध्ये फायनल इयरला दरवर्षी तीच अटेंडन्स सिस्टीम आणि तोच लाइन फॉलोअर रोबो होतो (सिनियर्सनी माफ करावं). त्याऐवजी कुणीतरी अरेकोलिनला पत्ता जोडण्याचा प्रयत्न का करू नये? हरलो तरी लाइन फॉलोअरपेक्षा जास्त शिकू.

सामान फुकट आहे. प्रोटीन डेटा बँकेत '६ओआयएम' एवढं टाइप करा, सोटोरासिब जोडलेलं केरास उतरवून घ्या. फाइल लहान आहे, हॉस्टेलच्या वायफायवरही उतरते, रात्री अकरानंतर तर नक्कीच. कुठल्याही फुकट व्ह्यूअरमध्ये उघडा आणि बाराव्या सिस्टीनपाशी झूम करा. गंधक पिवळा दाखवतात. त्या पिवळ्या ठिपक्यापासून औषधाच्या कार्बनपर्यंत एक सरळ रेघ जाते, तेवढी एकच.

कुणाला बसायचं असेल तर शनिवारी जेवणानंतर मी कॉम्प्युटर लॅबमध्ये असते. मुखवास बाहेर ठेवून या.